सातव्या पट्ट्यातली गांडुळं

२ जुलै

प्रिय वहिनी,

आधी गोड बातमी, मग भांडण.

समितीने हो म्हटलं! दादाच्या प्रयोगाला आणखी एक हंगाम दिला. एकच, आणि तोही ‘तुमच्या भावाच्या कामाचा मान म्हणून’, असं अध्यक्षांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून सांगितलं. मान कसला डोंबलाचा! एप्रिलपासून मी त्यांच्या दाराशी ठाण मांडून बसले होते, शेवटी कंटाळून सही केली. ऑक्टोबरात निकाल त्यांच्यापुढे ठेवायचा. दादा बरोबर निघाला तर त्याच्या नावाने छापायचं. चुकला तर विषय कायमचा बंद.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, लिहिलं की मला धीर येतो. जनुक बदललेल्या मक्याच्या पानात किडे मारणारं द्रव्य असतं. पान गळून मातीत कुजतं, गांडूळ ते खातं, आणि त्याच्या आतड्यातले जिवाणू बदलतात, असं दादाचं म्हणणं. गांडूळ मरत नाही, आजारीही दिसत नाही, म्हणून कुणी ऐकून घेत नव्हतं. ‘गांडुळांच्या पोटदुखीचे डॉक्टर’ म्हणायचे त्याला, तोंडावर. तो हसायचा. मला नाही हसू आलं कधी, आणि आता तो गेल्यावर तर अजिबात येत नाही. मला त्याला बरोबर ठरवायचंय, वहिनी. बास.

तर काम तेच, शेत तेच, बारा पट्टे तेच. लाल खुंटीचे बदललेल्या मक्याचे, पांढऱ्या खुंटीचे साध्या मक्याचे. बियाणं शेडमध्ये आहेच. तू आणि मुकादम मिळून पेरा. गांडुळांची पेटी दर गुरुवारच्या गाडीने इकडे पाठव, वर फक्त पट्ट्याचा आकडा. कोणता आकडा लाल आणि कोणता पांढरा ते मला सांगायचं नाही. दादाचा नियम, तपासणाऱ्याला रंग कळता कामा नये.

आता भांडण. फोन का उचलत नाहीस?

आणि तो डबा. स्मशानातून मिळालेला. कपाटावर असेल ना? तसाच राहू दे. जानेवारीत माझा पाय प्लास्टरमध्ये अडकला आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्याशिवाय त्याला पोहोचवलंत. मी तेव्हा पलंगावर पडून भिंत बघत होते. राख तरी दोघी मिळून सोडू. निकाल लागला की येते. तोवर सांभाळ त्याला.

तुझी,
लंगडी नणंद

९ जुलै

वन्सं,

फोन उचलत नाही, कारण ‘हॅलो’ म्हटलं की माझा आवाज फुटतो आणि पुढचा माणूस उगाच घाबरतो. चिठ्ठी बरी. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून देत जाईन, फक्त ओली झाली तर बोलायचं नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि मी मटकन खाली बसले. आनंदाने म्हणा हवं तर. मला वाटलं होतं हे सगळं संपलं. एप्रिलमध्ये समितीने काम थांबवलं तेव्हा मुकादमाने खुंट्यासुद्धा उपटून शेडमध्ये टाकल्या. मी म्हटलं, चला, सुटली ती जमीन. आता कुणी तिला आकड्याने हाक मारणार नाही. आणि आता तुम्ही म्हणता पुन्हा पेरा.

पेरू. तुम्ही एवढं दार धरून बसलात तर मी नाही कशी म्हणू?

एक विचारते. सातवा पट्टा सोडून दिला तर चालेल का? शेडच्या अंगाचा, दुसऱ्या रांगेच्या टोकाचा. पाण्याची नळी तिथवर नीट पोहोचत नाही. अकराच घेऊ या. एका पट्ट्याने काय आभाळ कोसळणार आहे?

डबा कपाटावर आहे. रोज पुसते.

पायाला तेल लावत जा. लंगडी म्हणवून घ्यायची हौस पुरे झाली.

तुमची वहिनी

१६ जुलै

वहिनी,

एक पट्टा सोडला तर आभाळच कोसळेल! ते लोक टपून बसलेत. ‘सातवा का गाळला?’ इथून सुरू करतील आणि दादाला खोटारडा ठरवूनच उठतील. बारा म्हणजे बारा. नळी पोहोचत नसेल तर दुसरी जोड. वीस वर्षं दादाच्या मागे बादल्या वाहिल्यास आणि एका नळीपुढे हात टेकलेस?

मी तुला ओळखते. तुला त्या टोकाला जायचं नाहीये. तो तिथे पडला होता, हे मला मुकादमाने सांगितलंय. मुकादमाला पाठव ना. तू लांब उभी राहा.

पण पेर.

तुझी नणंद

३० ऑगस्ट

वन्सं,

पहिल्या पेट्या पाठवते आहे. उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करू नका, मक्याला तुमच्या समितीची घाई नाही.

मोहरीची पूड पाण्यात कालवून मीच ओतली. मुकादमाच्या हाताला अंदाज नाही, तो एक तर सूप करतो नाही तर नुसतं पिवळं पाणी. लोखंडी चौकट मातीवर ठेवायची, आत पाणी सोडायचं, आणि खाली झोंबलं की गांडुळं एकेक करून वर येतात. ती उचलायची, साध्या पाण्यात धुवायची, ओल्या कागदावर ठेवून, मातीची एक पुडी सोबत घालून पेटी बंद. हे जवळ बसून बघायचे. ‘हळू, ती पाहुणी आहेत’ म्हणायचे. धुताना मला अजून ऐकू येतं ते.

सातव्याचं सांगते. मी लांब उभी राहिले नाही, मीच गेले. त्या टोकाला मका बाकीच्यापेक्षा हातभर उंच झालाय, काळाभोर हिरवा. मी चौकट ठेवली, अजून बादलीला हात लावायचा होता, तर गांडुळं वर आलेली. आपली आपण. पाणी नाही, मोहरी नाही. माझ्या पायाशी येऊन थांबली. वन्सं, मी भित्री बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी चौकट तिथेच टाकून शेडमध्ये आले आणि कडी लावून बसले. मग ती मुकादमाने वेचून पेटीत भरली. तो म्हणतो, जमीन ओली असेल. असेल.

आणखी एक गोष्ट आहे. ह्यांचे बूट. दाराशी ठेवलेत, हलवले नाहीत. चार दिवस झाले, रोज उठून बघते तर तळव्यांना ताजी माती. मी पुसते, दुसऱ्या दिवशी परत. हसू नका. कुणाला सांगूही नका.

सहज विचारते, गांडूळ जे गिळतं ते सगळं मागून टाकून देतं का? की काही पोटात ठेवून घेतं?

तुमची वहिनी

८ सप्टेंबर

अगं माझे वहिनी,

आधी बूट. मुकादमाला विचार. त्याचे फाटलेत, हे त्याने मला फोनवर दोनदा ऐकवलंय, आणि त्याच्या आणि दादाच्या पायाचं माप एकच. दादा गंमत करायला आला असता तर माती लावून नसता गेला, तुला चहा करायला लावला असता.

गांडुळाचं उत्तर. हो, ठेवून घेतं. त्याला दात नसतात ना, म्हणून ते वाळूचे बारीक कण गिळून पुढच्या एका जाड पिशवीत साठवतं आणि त्यांच्यावर पानं, माती दळतं. पेषणी म्हणतात तिला. कण झिजून पीठ होईपर्यंत तिथेच राहतात, कधी कधी कितीतरी आठवडे. दादाला ही पिशवी फार आवडायची. तू आजवर मला कामाचं काहीच विचारलं नव्हतंस, म्हणून छान वाटलं.

आता ऐक. बसली आहेस ना? पेटी सात!

मी गांडुळं थंड करून कापली, आतडं पुढचं, मधलं, मागचं असं वेगळं केलं, थोडा माल बशांवर वाढवला, थोडा नळ्यांत भरून यंत्राला दिला. बाकी सगळ्या पेट्या एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा. पण सात! जिवाणूंची अर्धी वस्ती पालटली आहे. काही जाती नाहीशा, आणि ज्या एरवी शोधून सापडत नाहीत त्या बशीभर माजल्यात. सरासरीसुद्धा सात एकटीच ओढून नेते. मी दोनदा परत केलं, तेच. मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतला गुरांचा डॉक्टर डोकावून गेला, बाई ठीक आहे ना बघायला.

मी नियम मोडते. दादा, माफ कर. वहिनी, एवढंच सांग, सात लाल आहे ना?

तुझी नणंद

१३ सप्टेंबर

वन्सं,

सात लाल आहे.

विचारायला नको होतं तुम्ही. ह्यांनी विचारू दिलं नसतं.

आणि एकाच पट्ट्यावर एवढ्या नाचू नका. लाल आणखी पाच आहेत, त्यांचं बघा की. एकाच पोराला ताप आला म्हणून सगळ्या वर्गाला सुट्टी देतात का?

बूट मुकादमच घालत होता. पकडला. बिचारा कान धरून उभा राहिला, ‘साहेबांचे बूट वाळून चालले होते, बाई’ म्हणाला. मी ते त्यालाच देऊन टाकले. तुमचं खरं निघालं, आणि वन्सं, मला रडू आलं. भूत नाही म्हणून सुटले असं वाटायला हवं होतं ना? चार दिवस ह्या घरात कुणीतरी बाहेर जाऊन परत येत होतं. आता कुणी येत नाही.

पेषणीचं तुम्ही लिहिलंत ते पाचसहा वेळा वाचलं. कण झिजून पीठ होईपर्यंत.

या आठवड्यात सातव्यातून गांडुळं काढली नाहीत. तब्येत बरी नव्हती.

वहिनी

१९ सप्टेंबर

वहिनी,

तब्येतीचं मला खोटं सांगू नकोस, मुकादम म्हणाला तू दिवसभर उन्हात होतीस. सात पाठव. समितीची तारीख जवळ आली आहे आणि मी अध्यक्षांना आधीच कळवून टाकलंय की एक मोठा फरक सापडलाय. गोषवाराही नेऊन दिला. त्यांचा चेहरा बघायला हवा होता तू! दादाचं नाव मी वरच्या ओळीत टाकलंय.

मी सातव्याची माती तपासली, आंबटपणा फारच कमी निघाला. कुणी तिथे पालापाचोळा जाळला का? चुना टाकला का? असेल तर आत्ताच सांग, नाही तर तिथे माझी फजिती होईल.

तुझी नणंद

२३ सप्टेंबर

वन्सं,

शेतात कुणी काही जाळलं नाही. चुना टाकला नाही.

पेटी पाठवते आहे. फार हाल करू नका त्यांचे.

वहिनी

२९ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे, आता कसंही येऊ दे.

परवा सातव्या पेटीतलं एक गांडूळ कापलं. आतड्याचं काम संपलं होतं, सहज म्हणून पेषणी उघडली. तू विचारलं होतंस ना, ते डोक्यात राहिलं होतं. एरवी आत वाळू असते, करडी, तांबूस, चमकणारी. ह्यात पांढरे कण होते. सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर सगळीकडून छिद्रं छिद्रं, पावाच्या चुऱ्यासारखे. दुसरं गांडूळ उघडलं, तेच. तिसरं, तेच. मी म्हटलं, चुना. वहिनी नाही म्हणाली खरी, पण मुकादमाने टाकला असेल.

शेजारच्या गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने डोळा लावला आणि लगेच म्हणाला, ‘हाड आहे हे. चांगलं भाजलेलं. काय हो बाई, कुणाचं कुत्रं पुरलंत शेतात?’ मी हसले. खरंच हसले गं, मोठ्याने. तो गेला, मी कण परत एकदा बघितले, आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

तब्येतीचं सोडलं तर तू मला एकदाही खोटं सांगितलं नाहीस. मी सगळी पत्रं काढून वाचली. डबा कपाटावर आहे. शेतात कुणी काही जाळलं नाही. सगळं खरं.

वहिनी, डबा उघडून बघ, असं लिहिणार होते. ते नको. डब्यात काय आहे ते तुला माहीत आहे. मला सांग.

लवकर सांग. माझ्या समोर मांडणीत सात नंबरच्या नळ्यांची रांग उभी आहे आणि मला त्या खोलीत जाववत नाही.

४ ऑक्टोबर

हो. रिकामा आहे.

आज तुला ‘तू’ म्हणते. वन्सं, तुम्ही, अहो, जाहो, ते सगळं मला आज जमणार नाही.

एप्रिलमध्ये समितीचं पत्र आलं, काम बंद. मुकादम खुंट्या उपटत होता आणि मी खिडकीतून बघत होते. वीस वर्षं ती जमीन आम्ही दोघांनी पोटच्या पोरासारखी जपली. त्या पट्ट्यांत मुकादमाने विडीचं थोटूक टाकलं तरी मी त्याच्या अंगावर जायचे. आणि आता म्हणे काही नाही, कुणीही काहीही पेरा. ते कपाटावर डब्यात, मी पलंगावर, आणि तू येणार म्हणून वाट बघायची. कधीपर्यंत? तुझं प्लास्टर फेब्रुवारीत निघालं. तूच लिहिलं होतंस, जिना चढून कामावर गेले म्हणून. जिना चढलीस, आणि गाडीत बसून इथे येता आलं नाही? तुझा पाय दुखत नव्हता. तुला तो डबा बघायचा नव्हता. बघितला असता तर दादा गेला हे खरं झालं असतं.

मला रोज बघावा लागत होता.

सातव्याच्या टोकाला ते बादली उपडी टाकून डबा खायला बसायचे. तिथेच सापडले. अंगावर माती, धुवायचं पाणी सांडलेलं. दुसरी कुठली जागा त्यांची होती, सांग मला? मी दाताळं घेतलं, माती मोकळी केली, आणि त्यांना तिथे मिसळलं. हाताने. वर पाणी घातलं. माझ्या डोक्यात प्रयोग नव्हता, समिती नव्हती, आणि खरं सांगते, तूही नव्हतीस. मला वाटलं, त्या जमिनीला आता कुणी काही विचारणार नाही. आणि जुलैत तुझं पत्र आलं, गोड बातमी म्हणून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही. तू एवढी खूश होतीस, आणि मी तुझ्या वाट्याचं तुला न विचारता मातीत घालून बसले होते. सातवा सोडा म्हटलं, तू ऐकलं नाहीस. गांडुळं आपली आपण वर आली त्या दिवशी मला वाटलं, हेच आलेत. माझ्यावर चिडून आलेत, मी त्यांचा प्रयोग नासवला म्हणून. मी अजूनही त्या टोकाला गेले की आधी ‘अहो, मी आहे’ म्हणते.

आता तू ठरव. सातवा लाल आहे, जिवाणू बदललेत, कागदावर सगळं खरं आहे. तू गप्प राहिलीस तर हे बरोबर ठरतात. माझ्या तोंडून मरेपर्यंत शब्द निघणार नाही, मुकादमाला काही माहीत नाही. मलाही त्यांना बरोबर ठरलेलं बघायचंय, तुझ्याइतकंच. तुझ्यापेक्षा जास्त. पण मी तुला काय कर ते सांगणार नाही. ह्यांना तोंड दाखवायची पाळी आली तर दोघींवर येणार आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर येऊन दे.

२० ऑक्टोबर

वहिनी,

तू मला ‘तू’ म्हणालीस, ते तसंच राहू दे.

शिव्या देणार नाही. पत्र वाचलं तेव्हा देत होते, मोठमोठ्याने, रस्त्यावरून चालताना. माझा भाऊ होता, तुला काय हक्क, वगैरे. मग त्या प्लास्टरच्या ओळीवर आले आणि कोपऱ्यावरच्या पायरीवर बसले. खरं आहे ते. मला डबा बघायचा नव्हता. मी येते, येते म्हणत राहिले आणि आले नाही.

मी दोन तक्ते केले. एकात सात धरलेला, एकात गाळलेला. पहिल्यात दादा बरोबर. दुसऱ्यात काही नाही. बाकीच्या लाल पट्ट्यांत इकडेतिकडे थोडं हलल्यासारखं दिसतं, पण तेवढं पांढऱ्यांतही हलतं. दोन्ही तक्ते टेबलावर ठेवून मी पहिल्याकडे एवढा वेळ बघत बसले की त्यातले आकडे पाठ झाले. कुणाला कळलं नसतं. गुरांचा डॉक्टर तर कुत्र्याचं विसरूनही गेलाय. दादा एकदा, फक्त एकदा, बरोबर ठरला असता.

पण तो ते कशाच्या जोरावर ठरला असता, ते तुला आणि मला ठाऊक आहे. त्याने माझ्याकडून बशा धुवून घेतल्या होत्या, दहादा, एका बशीवर माझ्या बोटाचा ठसा होता म्हणून. मी बारा वर्षांची होते. त्याच्या मेल्या हाडांनी त्याला जिंकवलं असतं तर त्याने मला घरात येऊ दिलं नसतं.

समितीपुढे दुसरा तक्ता ठेवला. म्हटलं, फरक आहे असं म्हणता येत नाही. अध्यक्षांनी गोषवारा काढला, ‘तुम्ही तर मोठा फरक कळवला होतात. सातवा पट्टा कुठे गेला?’ मी म्हटलं, त्यात राख मिसळली होती, तो धरता येत नाही. ‘कसली राख?’ मी खोटं बोलायचं ठरवून गेले होते, वहिनी, पालापाचोळ्याची म्हणणार होते. तोंडातून आलं, ‘माझ्या भावाची.’ ज्याने दादाला पोटदुखीचा डॉक्टर हे नाव ठेवलं तो माणूस समोर बसला होता. तो टेबलाकडे बघत राहिला. मग अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय.

दादा हरला, वहिनी. मी हरवलं त्याला. बाहेर येऊन भिंतीला टेकून मी खूप रडले, जानेवारीत रडले नव्हते एवढी.

मग नळ्यांचं. मला त्या तुझ्याकडे आणायच्या होत्या. उरलेली गांडुळं, नळ्या, बशा, कणांच्या काचा, सगळं. त्या टोकाला परत ठेवू म्हटलं. पण लाल पट्ट्यातलं काहीही एकदा इथे आलं की इमारतीबाहेर जात नाही, बदललेल्या पिकाचा नियम आहे. सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या भट्टीत जातं. मी एक नळी पर्समध्ये टाकली होती. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. त्याला असं तुकड्यातुकड्याने चोरून कुठे नेऊ?

सगळं एका ट्रेमध्ये ठेवलं आणि खाली गेले. भट्टीवरच्या बाई म्हणाल्या, ठेवून जा, संध्याकाळी लावते. मी म्हटलं, आत्ता लावा, मी थांबते. ‘कशाला? उकडून निघाल इथे.’ तरी थांबते म्हटलं. त्यांनी खांदे उडवले, ट्रे आत सरकवला आणि दाराचा चाकासारखा दांडा फिरवून घट्ट केला. त्या दाराकडे बघताना मला कळलं मी कुठे उभी आहे. जानेवारीत तुम्ही सगळे अशाच एका दारासमोर उभे होतात, आणि मी नव्हते.

दाबाचा काटा चढला. आतून घरघर आली. बाईंनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, पण मी बसले नाही. मला काही बोलायला हवं असं वाटलं, पण मनात काही जुळेना, तेव्हा नुसतं ‘दादा’ म्हटलं. बाईंनी विचारलं, काय म्हणालात? काही नाही म्हटलं. माझा पाय ठणकत होता, घाम डोळ्यांत जात होता, बाई मधे एकदा चहाला जाऊन आल्या.

रविवारच्या गाडीने येते. सातव्याच्या टोकाला मला घेऊन जा. तिथे गेल्यावर आधी काय म्हणायचं ते आता मला माहीत आहे.

काटा खाली उतरून दार उघडेपर्यंत मी तिथून हलले नाही. मी शेवटपर्यंत थांबले, वहिनी.

तुझी नणंद